वाटेवरचं पाणी

नाणेघाटाची कोकणातली वाट वैशाखरे गावाच्या पुढे डांबरी रस्ता सोडते. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेजला निघालेल्या गाड्या तिथून भरधाव निघून जातात आणि पाठीवर सॅक असलेली मंडळी उतरून उजव्या हाताच्या रानात शिरतात. आधी सपाटी, मग ओढा, मग दाट झाडी आणि चढ. वरच्या अंगाला दगडांची जुनी रचाई लागते, कातळात कोरलेली पाण्याची टाकी लागतात आणि घाटमाथ्याच्या जरा खाली सातवाहनांचं लेणं येतं. त्याच्या भिंतींवरच्या ब्राह्मी लेखात नागनिका राणीच्या काळातल्या यज्ञांची आणि दानांची यादी आहे. किती गाई, किती घोडे, किती कार्षापणं, सगळं आकड्यांसकट. पुढची अरुंद नाळ चढली की माथ्यावर मोठा दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सोपारा, कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जात असे. दोन हजार वर्षं माणसं चढताहेत-उतरताहेत अशी वाट आहे ही.

लेणं पाहून उतरताना माझी नजर पायांखालीच राहिली. माझी सगळी नोकरी जलसंधारणाच्या कामात झाली. समतल चर, शेताची बांधबंदिस्ती, ओढ्यातले दगडी बांध, हेच आयुष्यभर केलं. त्यामुळे डोंगर दिसला की पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल, हे आधी डोळ्यांपुढे येतं. खालच्या झाडीतली वाट ठिकठिकाणी गुडघाभर खोल गेलेली होती. एका जागी तर शेजारी शेजारी तीन घळी पडल्या होत्या आणि लोक चौथी पाडत होते. निवृत्त झाल्यावर डोंबिवली-कल्याणची काही ट्रेकर मुलं, जुन्नरकडचे दोन शिक्षक आणि एक हाताचा कसबी गवंडी, असे आम्ही एकत्र आलो. तेव्हापासून पावसाळा सरला की एक शनिवार-रविवार धरून वाटेच्या डागडुजीचं शिबिर घेतो. नाणेघाट ही त्यातली माझी सर्वांत जिव्हाळ्याची वाट.

हे सविस्तर लिहायला बसले, कारण विचारणारे वाढलेत. कुठे किल्ल्याच्या पायथ्याचं गाव असतं, कुठे एखाद्या महाविद्यालयाचा गट असतो. ‘आमच्याकडची वाट पार गेली आहे, आम्हाला काय करता येईल?’ असं विचारतात आणि पाठोपाठ, ‘सिमेंट किती लागेल?’ 2025 साली शिवकाळाशी नातं असलेले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले 11 आपल्या महाराष्ट्रातले. तट-बुरुजांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण बुरुजापर्यंत नेणारी पायवाट अजून कुणाच्याच यादीत नाही. ती आपोआप झालेली असते, आपोआप राहील, असं आपण धरून चालतो.

ती आपोआप राहत नाही. माणसाच्या आणि गुरांच्या पायांखाली गवत मरतं, माती दबते. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, वरून वाहतं. वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं खोल गेली की शेजारच्या उताराचं पाणीही तिच्यातच उतरतं आणि वाटेचा ओहोळ होतो. पुढचं गणित भयंकर आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते लोटू शकेल अशा दगडाचं वजन, सिद्धांताप्रमाणे, 64 पट होतं. म्हणून सरळ उतारावर वीस-पंचवीस पावलं मोकळं धावलेलं पाणी आधी माती नेतं, मग मुरूम नेतं आणि मग नुसते गोटे उघडे पडतात. गोट्यांवर पाय मुरगळतो, म्हणून माणूस कडेच्या गवतावरून चालतो. तिथलं गवत मरतं. दोन पावसाळ्यांत तिथेही घळ पडते. चालणाऱ्याचा यात दोष नसतो. वाट चालण्याजोगी असेल तर कुणी मुद्दाम काठाने जात नाही.

शेतात मी पाणी अडवत आले. वाटेवर नेमकं उलटं करायचं असतं. इथे पाणी अडवलं की चिखल होतो आणि चिखल चुकवायला लोक बाजूने नवी वाट पाडतात. वाटेवरच्या पाण्याला जोर धरू न देता, थोडं थोडं असतानाच, बाहेरची दिशा दाखवायची. आमच्या दोन दिवसांतलं जवळजवळ सगळं काम या एका गोष्टीसाठी असतं. पायऱ्या, दगड, झाडोरा हे सगळं त्याच्या मागून येतं.

म्हणून शिबिर नोव्हेंबरात असलं तरी त्याची आखणी जुलैत होते, भर पावसात. चार-पाच जणांनीच जायचं आणि हळू चालायचं. वाटेत पाणी कुठे शिरतं आणि कुठून बाहेर पडू बघतं, एवढंच पाहायचं. शिरतं तिथे फांदीला लाल चिंधी, बाहेर काढता येईल तिथे पांढरी. सोबत मोबाईलवर फोटो. कोरड्या दिवसात कितीही हुशार माणूस आणला तरी या जागा अचूक सापडत नाहीत. नुसत्या नजरेला उतार फसवतो.

सोबत गावातला माणूस हवाच. वैशाखऱ्याकडचे एक आजोबा आमच्याबरोबर यायचे, डोक्यावर इरलं, हातात कोयती. आम्ही एका खचलेल्या टप्प्यावर चिंध्या बांधत होतो. एकापाठोपाठ एक पाच ठिकाणी पाणी काढावं लागेल असा माझा अंदाज होता. ते बराच वेळ बघत उभे राहिले, मग म्हणाले, “ताई, ह्या पान्याचं मूळ इथं नाय. वरती ढोरांची वाट हाय ना, तिकडनं येतंय सगळं.” आम्ही कारवीतून वर चढलो. गुरं चरायला नेण्याची जुनी ढोरवाट आमच्या वाटेला वरून येऊन मिळत होती आणि अख्ख्या उताराचं पाणी तिच्यातून खाली येत होतं. त्या मिळणीच्या अलीकडे एकच दगडी ओळ घातली आणि खालच्या पाच जागांपैकी तीन जागी हात लावायची गरज उरली नाही. इतकी वर्षं ते पाणी पाहिलेल्या माणसाचं मत नकाशापेक्षा भारी असतं. आमच्या शिबिरात म्हणूनच अंतिम शब्द गावकऱ्याचा.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धातली वेळ निवडण्यामागे दोन कारणं आहेत. झाडीच्या सावलीत माती अजून ओलसर असते, कुदळ घुसते आणि ठोकलेली माती बसते. जानेवारीनंतर तीच जमीन दगडासारखी होते, आणि पुढे वणव्याचे दिवस येतात. दुसरं कारण भाताचं. कापणी-झोडणी चालू असताना गावात जाऊन ‘चला श्रमदानाला’ म्हणणं बरं नाही. भात घरात आलं की गाव जरा मोकळं होतं.

परवानगीचा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो, पण तो टाळून चालत नाही. सह्याद्रीतल्या बहुतेक वाटा वनखात्याच्या जमिनीवरून जातात. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे आरक्षित वनात परवानगीशिवाय जमीन उकरणं किंवा दगड काढणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आधी पत्र द्यायचं. वाटेचा कोणता टप्पा, किती माणसं, कोणती अवजारं, काय करणार आणि काय करणार नाही, हे सगळं त्यात लिहायचं. झाड तोडणार नाही, जाळ करणार नाही, बाहेरचं सामान जंगलात ठेवणार नाही. वनरक्षकाला बरोबर घेऊन एकदा वाट फिरायची. कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा भीमाशंकरसारखं अभयारण्य असेल तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे नियम लागतात आणि ते आणखी कडक आहेत. जिथे ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे, तिथे ग्रामसभेकडे जाणं हा उपचार नव्हे, तिचा तो हक्कच आहे.

संरक्षित स्मारकाचं प्रकरण वेगळं. 1958 च्या कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. आम्ही लेण्याच्या आसपास फिरकतच नाही. आमचं काम खालच्या झाडीत, जुनी रचाई सुरू होण्याच्या बरंच अलीकडे थांबतं. जुन्या रचाईतून निखळलेला दगडही आम्ही आपल्या मनाने परत बसवत नाही. त्याचा फोटो काढतो आणि कळवतो. तो दगड मुळात कसा बसला होता, हे ओळखणं अभ्यासकाचं काम आहे. उत्साहात एक दगड इकडचा तिकडे झाला की तो पुरावा कायमचा गेला.

पैशांचंही बोललं पाहिजे. येणारा प्रत्येक स्वयंसेवक वर्गणी भरतो. त्यातून जेवण, अवजारांची दुरुस्ती आणि गावातून येणाऱ्यांची मजुरी निघते. हो, मजुरी. गावातल्या माणसाने आमच्याबरोबर फुकट राबावं, ही अपेक्षा मला मान्य नाही. शहरातला माणूस सुट्टीच्या दिवशी येतो, त्याचा पगार चालू असतो. गावातल्याचा त्या दिवशीचा रोज बुडतो. शिवाय तो जे ज्ञान घेऊन येतो, ते आमच्यातल्या कुणाकडेच नसतं. जेवण गावातल्या महिला बचत गटाकडे असतं. तांदळाच्या भाकरी, पिठलं, वरण-भात, ठेचा. दर त्या ठरवतात. मुक्काम शाळेच्या वर्गात, मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत यांच्या संमतीने. रविवारी निघताना शाळा झाडून, संडास धुऊन, फळ्यावरचं पुसलं असेल तर ते पुन्हा लिहून द्यायचं.

माणसं पंचवीस-तीस पुरतात. शंभर जण येतो म्हणाले तर मी नम्रपणे नाही म्हणते. अरुंद वाटेवर शंभर माणसं उभी राहिली तर दोन दिवसांत तेच वाटेचा काठ तुडवून टाकतात. पाच-पाच जणांची टोळी, प्रत्येक टोळीला एक अनुभवी मुकादम, आणि टोळीला नेमून दिलेला वीस-पंचवीस पावलांचा टप्पा. एवढ्याशा टप्प्याला दोन दिवस लागतात, हे नव्या मुलांना शनिवारी सकाळी खरं वाटत नाही, दुपारपर्यंत वाटायला लागतं.

अवजारं साधीच: पहारी, टिकाव, कुदळी, फावडी, घमेली, एक घण, दोन-तीन सुतक्या, कोयत्या, दोर, आणि दगड वाहायला गोणपाटाची झोळी. टोळीमागे एक चांगली पहार असली तर निम्मं काम सोपं. कुदळी-टिकावांचे दांडे शुक्रवारी रात्री पाण्यात बुडवून ठेवायचे. लाकूड फुगतं आणि पातं घट्ट बसतं. तरीही सैल असेल तर पाचर मारायची. उतारावर दांड्यातून सुटलेलं पातं खालच्या माणसाच्या डोक्यात जाऊ शकतं, म्हणून ही तपासणी मी स्वतः करते, दुसऱ्यावर सोपवत नाही.

सुरक्षेचे आमचे नियम थोडे आहेत, पण त्यांत सूट नाही. एका टोळीच्या थेट खाली दुसरी टोळी कधीच लावायची नाही. अवजार चालवणाऱ्यापासून तीन मीटरच्या आत कुणी नाही. दगड सुटला की आरोळी द्यायची, कुणाचा सुटला ते नंतर. उलटायचा दगड पहारीने पलीकडच्या काठाने उचलायचा, म्हणजे तो आपल्याकडे कलतो आणि खालची पोकळी आपल्यापासून दूर उघडते. या भागात दगडाखाली विंचू असतो, फुरसंही असतं. साप चावला तर जखम कापायची नाही, आवळून बांधायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. हातपाय स्थिर ठेवून, उचलून, प्रतिसर्पविष मिळणाऱ्या रुग्णालयात न्यायचं. ते कुठे आहे, तिथे प्रतिसर्पविष खरोखर आहे का, हे शिबिराच्या आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं असतं आणि एक गाडी दोन्ही दिवस रस्त्यावर तोंड फिरवून उभी असते. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर नाही, धूर नाही, आरडाओरडा नाही.

आता प्रत्यक्ष काम. पाणी बाहेर काढायची सर्वांत साधी रीत म्हणजे वाटेला बाहेरच्या बाजूने किंचित उतार देणं. मीटरभर रुंदीला पाच सेंटीमीटर पुरेत. चालणाऱ्याला तो जाणवतही नाही. बहुतेक जुन्या वाटांवर बाहेरच्या काठाशी मातीचा वरंबा जमलेला असतो. तो वरंबाच पाणी वाटेत कोंडून ठेवतो. फावड्याने तो खरवडून काढला की काही ठिकाणी दुसरं काही करावंच लागत नाही. माझ्या मते हे शिबिरातलं सर्वांत मोलाचं काम आहे, आणि त्याचा फोटो अजिबात चांगला येत नाही.

उतार जास्त असेल तिथे दगडांची तिरपी ओळ घालतो. वाटेला काटकोनात घातली तर मागे गाळ भरतो आणि पहिल्याच मोठ्या सरीत पाणी वरून उडी मारतं. साधारण 45 अंशांचा तिरपेपणा ठेवला तर पाणी स्वतःच ओळ घासून स्वच्छ ठेवतं. एकेका दगडाचा दोन-तृतीयांश भाग जमिनीत जायला हवा. मुलं दगड वर ठेवतात, माती लोटतात आणि छान दिसतंय म्हणतात. मग मी त्यावर उभी राहून टाचेने दाबते. हलला, तर पुन्हा काढायचा. ओळीच्या खालच्या टोकाला सांडवा हवा, तोंडाशी रुंद होत जाणारा. पाणी पडतं तिथे चार गोटे पसरायचे, म्हणजे तिथे नवी घळ पडत नाही. आणि सांडव्याचं पाणी वाटेच्या खालच्या वळणावर पुन्हा येऊन पडत नाही ना, हे खाली उतरून पाहायचं. काम झालं की वरून दोन घागरी पाणी ओतायचं. ते कुठे जातं हे पाहायला सगळी टोळी गोल करून वाकते. पाणी ओळीशी आलं, वळलं आणि सांडव्यातून कारवीत शिरलं की टाळ्या पडतात.

पायऱ्या शेवटचा उपाय. जिथे चढ इतका आहे की माती टिकणारच नाही, तिथेच. पायरीचं काम नेहमी खालून वर. पहिला दगड सर्वांत मोठा, कारण वरचे सगळे त्याच्या भरवशावर बसणार. त्याची लांब बाजू डोंगरात जायला हवी, आडवी नव्हे. आपल्याला रुंद पायरी दिसायला आवडते, पण आडवा बसवलेला दगड काठावर पाय पडला की पुढे कलंडतो. आमचे गवंडीकाका दगड निवडायला अर्धा तास घेतात. घळीत लोळलेले दगडच घ्यायचे. उतारात रुतून माती धरून बसलेला दगड काढायचा नाही, ओढ्यातलाही नाही. मग खड्डा, मग दगड सरकवणं, मग पहारीने तो थोडा उचलून खाली कपच्या सारणं. कपच्या मागून आणि बाजूने ठोकायच्या, वरून दिसतील अशा कधीच नाहीत. मातीने पोकळी भरली तर ती एका पावसात वाहून जाते. पायरीचा वरचा पृष्ठभाग पुढे जेमतेम झुकलेला, पाणी साचणार नाही एवढाच. दगड बसला की काका त्यावर सुतकी मारतात आणि कान देतात. पोकळ आवाज आला तर पुन्हा उचलतात. बद्द आवाज आला की “झाला,” म्हणतात, आणि पुढचा दगड मागच्याच्या शेपटीवर थोडा चढवून बसवतात. पायरीची उंची वीतभराहून कमीच, 15 ते 20 सेंटीमीटर. त्याहून उंच केली तर म्हातारी माणसं, डोक्यावर मोळी घेतलेल्या बायका बाजूने चढतात. म्हणून पायऱ्यांच्या दोन्ही कडांना ओबडधोबड दगड उभे लावायचे. तिथे पाय ठेवायला नको वाटतं, आणि माणूस मुकाट पायरीवर येतो.

सिमेंटला मी ठाम नकार देते, त्याचं कारणही पाणीच. कोरड्या रचाईत पाणी दगडांमधून झिरपतं आणि रचाई जागच्या जागी दबत बसते. सिमेंट केलेल्या पायऱ्यांना खालून पाणी लागलं की आतली माती निघून जाते आणि वरची लादी अधांतरी राहते. एक दिवस ती अख्खी तुटते आणि तिचे तुकडे कायम जंगलात पडून राहतात. कोरड्या रचाईचा दगड निखळला तर गावातला कुणीही माणूस तो उचलून बसवू शकतो. नाणेघाटातली वरची रचाई अंगावर पाऊस घेत आजही उभी आहे, ती डोळ्यांसमोर असताना सिमेंटची गोणी चढवून नेण्याचं मला कारण दिसत नाही.

शॉर्टकट बंद करणं हे वेगळंच काम. नागमोडी वाटेवर दोन वळणांच्या मधून सरळ उभी रेघ पडते, आणि पावसात ती रेघ सर्वांत आधी फुटते. नुसता दगड आडवा ठेवला तर लोक ओलांडून जातात. शॉर्टकट डोळ्यांना दिसताच कामा नये. तोंडाशी पाच-सहा मीटरपर्यंत वाळलेल्या काटेरी फांद्या अंथरायच्या, आणलेल्या दिसू नयेत अशा. मधे गोटे, वर पालापाचोळा. वरून आणि खालून, दोन्ही तोंडं बंद करायची. मधला भाग तसाच सोडला तरी चालतो, तो पावसात गवताने भरतो. त्याबरोबर मूळ वाट चालायला सोपी केलीच पाहिजे. लोक शॉर्टकट घेतात तिथे बहुतेक वेळा मूळ वाटच बिघडलेली असते.

झाडोरा साफ करताना हात आवरता घ्यावा लागतो. कोयती हातात आली की माणसाला सगळंच आड येणारं वाटतं. चेहऱ्यावर येणाऱ्या फांद्या तेवढ्या काढायच्या, बुंध्याशी, तिरपा काप देऊन. कारवीला हात लावायचा नाही. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, तिच्या मुळांनी उताराची माती धरलेली असते, आणि तिच्या काठ्यांनी इथल्या घरांच्या कुडाच्या भिंती होतात. ती कधी आणि किती कापायची हे गावाला ठाऊक आहे. झाडं लावण्याचा आग्रहही बरेच जण धरतात. नोव्हेंबरात लावलेलं रोप मेपर्यंत पाण्यावाचून जातं, आणि जंगलात त्या मातीची झाडं आपली आपण येतात, तुडवणं थांबलं की पुरे. दगडांवर रंगाचे बाण काढायचे नाहीत, फलक लावायचे नाहीत. कचरा मात्र उतरताना सगळ्यांनी गोळा करायचा, तो ज्याच्या त्याच्या सॅकमधून कल्याणपर्यंत जातो.

रविवारी दुपारी काम थांबतं. त्यानंतरचा तास मला फार महत्त्वाचा वाटतो. सगळ्या टोळ्या एकमेकांचं काम पाहत वाट खालून वर चालतात, मुकादम आपल्या टप्प्यावर काय केलं आणि का केलं ते सांगतात. डोंबिवलीच्या बँकेत काम करणारी मुलगी सांडव्याच्या तोंडाबद्दल पंधरा मिनिटं बोलते आणि गावातली माणसं तिला प्रश्न विचारतात. तिथे वाट सगळ्यांची झालेली असते.

पण दोन दिवसांच्या कामाने वाट टिकत नाही. सांडवे पानगळीने बुजतात, पहिल्या वळवाने गाळ येतो. माझी भाची न्यू जर्सीत राहते. अमेरिकेची अपलाचियन पायवाट तिच्या घराजवळून जाते. बेंटन मकाय या माणसाने 1921 साली ती कल्पना मांडली, 1937 साली वाट पूर्ण झाली. 14 राज्यांतून साधारण 3,500 किलोमीटर जाणारी ही वाट आजही मुख्यतः स्वयंसेवक सांभाळतात. तिथे प्रत्येक तुकडा कुणा ना कुणाच्या नावावर असतो आणि त्या माणसाने वर्षातून काही वेळा तो चालून पाहायचा, आडवं पडलेलं झाड दूर करायचं, पाण्याच्या वाटा मोकळ्या करायच्या. भाचीने हे सांगितल्यावर आम्ही आपल्याकडे तेच सुरू केलं. शिबिर संपताना प्रत्येक तिरप्या ओळीला दोन नावं मिळतात, एक शहरातलं, एक गावातलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात दोघांनी मिळून आपला सांडवा उकरून मोकळा करायचा. एका फावड्याचं, अर्ध्या तासाचं काम. जुलैत पुन्हा चिंध्या घेऊन जायचं आणि कोणती ओळ चालली, कोणती पाण्याने चुकवली, ते वहीत लिहायचं.

ज्यांना आपल्या गावाजवळच्या वाटेवर हे सुरू करायचं आहे, त्यांनी यंदा अवजारं घेऊच नयेत. यंदाच्या जुलैत छत्री बाजूला ठेवून, गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन, आपल्या वाटेचा फक्त एक किलोमीटर चालावा आणि पाणी पाहावं. वनरक्षकाशी ओळख करून घ्यावी. पत्र ऑगस्टमध्ये द्यावं, कारण उत्तर यायला वेळ लागतो. ग्रामसभेत विषय मांडावा आणि गाव काय म्हणतं ते आधी ऐकावं. गावाला कदाचित ट्रेकर चालतात त्या वाटेपेक्षा पाड्यावरून शाळेला येणारी वाट आधी नीट व्हायला हवी असेल. तसं असेल तर पहिलं शिबिर त्या वाटेवर घ्यावं. रीत तीच आहे, दगड तेच आहेत.